डावीकडचा दुसरा खण

बटण सोडा म्हणून कान तपासणाऱ्या मुलीने काचेतून दोनदा खूण केली, तरी मी सोडलं नाही. सोडणार कशी? आवाज ऐकू आला की दाबायचं आणि थांबला की सोडायचं असं तिनेच सांगितलं होतं, आणि आवाज थांबलेला नव्हता. छापखान्यातल्या सगळ्यांचे कान दरवर्षी तपासून घ्यायचे असा नवा नियम निघाला होता. खाली यंत्रं धडधडतात, वर आम्ही मुद्रितं तपासतो, तेव्हा आमचेही कान गेलेले असणार असा साहेबांचा अंदाज. म्हणून मी दवाखान्यातल्या त्या कपाटाएवढ्या खोलीत कानांवर जाडजूड हेडफोन चढवून बसले होते. शेवटी ती मुलगी दार उघडून आत आली. केस आखूड, गळ्यात ओळखपत्र, आणि आजच्या दिवसातली दहावी बाई मी आहे हे तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. "मावशी, मी अजून आवाज सुरूच केलेला नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कसला आवाज ऐकू येतोय?"

हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच विचारला गेला होता, चोवीस वर्षांपूर्वी, आणि त्याचं खरं उत्तर दिलं म्हणून मी अजून रोज दोन गोळ्या घेत होते. शहाण्यासारखं मी लगेच म्हटलं, कसलाच नाही हो, चुकून दाबलं गेलं. पण मुलगी चिवट निघाली. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि डोक्यावरचा दिवा बंद केला. माझं बोट आपोआप उठलं. दिवा लावला, बोट खाली गेलं. तिने माझी खुर्ची भिंतीकडे वळवली, डोळे मिटायला सांगितले आणि काही न बोलता तो खेळ पुन्हा पुन्हा खेळली. "मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही," शेवटी ती म्हणाली. "पण दिवा गेला की तुमचं बोट उठतं. सहाच्या सहा वेळा." मग तिने माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि बोलता बोलता सांगितलं, की तिच्या भाचीलाही असंच ऐकू येतं, तिला ऑटिझम आहे, शाळेतल्या पंख्यावरून घरी केवढा तमाशा झाला होता. तिने ते सहज सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी छापखान्याकडे परत निघाले तेव्हा अकरा वाजले होते आणि रस्त्यावर ऊन होतं. माझे पाय चालत होते, पण मी चोवीस वर्षांपूर्वीच्या दवाखान्यात बसलेली होते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची. परीक्षेच्या हॉलमध्ये चाळीस पंखे होते आणि त्यातले तीन डुगडुगत होते. मी पेपर तसाच ठेवून उठले, जिन्यात जाऊन बसले, कानांवर हात ठेवले आणि 'खालीलपैकी कोणत्याही चार प्रश्नांची उत्तरे लिहा' हे एकच वाक्य तीन तास म्हणत राहिले. तोंडात एक वाक्य धरून ठेवलं की बाकीचे आवाज आत येत नाहीत, ही माझी लहानपणापासूनची युक्ती. आईला बोलावून घेतलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, जमलेल्या लोकांकडे पाहिलं. चारचौघांत शोभा केलीस, एवढंच ती वाटेत म्हणाली. तिसऱ्या दिवशी आई आणि ताई मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. डॉक्टर भले गृहस्थ होते, हळू बोलायचे. त्यांच्यावर रागावण्यासारखं काही सापडत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

"तुला आवाज ऐकू येतात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येतात की. कधी? सारखेच. खोलीत कुणी नसतं तेव्हाही? मी म्हटलं, तेव्हाच तर नीट येतात. ते काही सांगतात का तुला? मी विचार केला. नळ गळत असला तर तसं कळतं, जिन्यावरून कोण येतंय ते कळतं, म्हणून मी म्हटलं, हो, कुणी येणार असलं की आधी सांगतात. लोक तुझ्याविषयी बोलतात असं तुला वाटतं का? वाटत नाही, बोलतातच. शेजारच्या काकू बोलतात, आत्या बोलते, तुम्ही आत्ता आईशी बोललात. यावर ते हसले नाहीत. पेन खाली न ठेवता त्यांनी विचारलं, आत्ता येतोय काही आवाज? मी म्हटलं, हो. कुठून? "तुमच्या टेबलातून," मी म्हटलं, "आत काहीतरी लंगडत चाललंय." मला अजून आठवतं, टेबलाला दोन्ही बाजूंना तीन-तीन खण होते आणि त्यांच्या पितळी मुठी झिजलेल्या होत्या. कोणत्या खणातून ते त्यांनी विचारलं नाही, आणि जे विचारलं नाही ते मी सांगत नाही. त्यांनी आईला विचारलं, तुम्हाला येतंय का काही ऐकू? आई म्हणाली, छे हो. मग त्यांनी ताईला विचारलं. ताईने थोडा वेळ घेतला. डोळे खाली घालून तिने नीट ऐकल्यासारखं केलं आणि मग म्हणाली, नाही.

तेवढ्यावर माझं आयुष्य ठरलं. गोळ्या सुरू झाल्या तशी पंधरा दिवसांत जगाच्या तोंडात कुणीतरी बोळा कोंबला. पंखे फिरत होते, पण दूर कुठेतरी. जीभ जड झाली, हात थरथरायला लागले, अंग सुटलं. जिन्यावरची पावलं नुसती पावलं झाली, कोणाची ते कळेना. आई सगळ्यांना सांगायची, आता किती शांत झाली बघा. मी शांत नव्हते. मी नव्हतेच, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. पुढे शिक्षण राहिलं ते राहिलंच. ताईच्या ओळखीने छापखान्यात लागले आणि तिथे मात्र टिकले, कारण अक्षरं आवाज करत नाहीत. कुठे वेलांटी उलटी पडली, कुठे मात्रा सुटली, हे मला न शोधता दिसतं. तिथे मला सगळे 'कानामात्रा' म्हणतात. कानामात्राबाईंनी पाहिलंय ना, मग जाऊ दे खाली, असं साहेब म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आणि ताई. आई जाऊन नऊ वर्षं झाली, आता घरात आम्ही दोघीच. ताईने लग्न केलं नाही. धाकटीपायी जन्म काढला बिचारीने, असं सगळे म्हणतात आणि ती ऐकून घेते. ती ग्रंथालयात नोकरीला आहे, तळघरात, जुन्या पुस्तकांच्या खोलीत. समोरच्या टेबलावर बसायची बढती तिने दोनदा नाकारली, माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या असतात म्हणून. घरातली सगळी घड्याळं तिने काढून टाकली, तेही माझ्यासाठी, खरं तर गोळ्या सुरू झाल्यावर मला घड्याळाचं काही वाटेनासं झालं होतं. जेवताना ती फ्रिजचं बटण बंद करते. स्टीलचे चमचे माळ्यावर टाकलेत, आम्ही लाकडी वापरतो. पाहुणे आले तर ती दारातूनच सांगते, हिला बरं नाही. इतकं कुणी कुणासाठी करतं का? तिच्या ऋणाखाली मी इतकी दबून गेलेली होते की तिच्यासमोर मोठ्याने ढेकरसुद्धा दिला नसेल.

छापखान्याच्या जिन्यात पोचेपर्यंत मला ती चूक दिसली होती. अशा चुका पकडायचा पगार घेते मी, आणि ही चोवीस वर्षं माझ्या नजरेसमोर होती. जुना केसपेपर माझ्याकडे आहे. त्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलंय की हिला माणसांचे आवाज ऐकू येतात. इंग्रजीत माणसाच्या आवाजाला एक शब्द आहे आणि पंख्याच्या आवाजाला दुसरा. आपल्याकडे दोन्हींना आवाजच म्हणतात. मी पंख्याबद्दल बोलत होते, त्यांनी माणसं लिहून घेतली. आणि मग टेबलात कुणीतरी लंगडत चालू लागल्यावर आणखी काय विचारायचं राहतं? त्या दिवशी मी एका पानावरून पुढे गेले नाही. साहेब दोनदा डोकावून गेले.

नवीन डॉक्टरीण शोधायला मला दोन महिने लागले. ताईला सांगितलं नाही. तिच्यापासून मी लपवलेली ही पहिली गोष्ट. डॉक्टरीणबाईंनीही शेवटी तोच प्रश्न विचारला, आवाज ऐकू येतात का. मी म्हटलं, आधी मला सांगा, आवाज म्हणजे? पंख्याचा आवाज की कुणाचं बोलणं? त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, हा प्रश्न तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला विचारायला हवा होता. त्यांनी चार वेळा बोलावलं, पुष्कळ विचारलं. गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत, माझ्या देखरेखीखाली थोड्या थोड्या कमी करू, असं बजावलं. ऑटिझमच असावा असं त्यांना वाटत होतं, पण पक्कं लिहून देण्याआधी माझ्या लहानपणाबद्दल सांगणारं कुणीतरी हवं होतं. आई नाही, मग कोण आहे? मोठी बहीण आहे, मी म्हटलं. त्यांनी सहा पानांची प्रश्नावली दिली. त्या म्हणाल्या, बहिणीला भरायला सांगा, आणि मधल्या काळात नसलेलं काही ऐकू यायला लागलं तर लगेच फोन करा.

नसलेलं ऐकू येणं म्हणजे काय, हे मात्र मी विचारलं नाही. ताई वाटीत काढून ठेवायची त्या दोन गोळ्यांतली एक मी गुपचूप बाजूला ठेवू लागले. गोळ्या अर्ध्या झाल्या तसे आवाज एकेक करून परत आले. आधी पाण्याची मोटर, मग वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या चपला, मग माझ्या स्वतःच्या डोळ्यांच्या पापण्या. खूप दिवसांनी माहेरची माणसं भेटावीत तसं मला होत होतं. आणि मग एक असा आला जो माझ्या ओळखीचा नव्हता. माझी आणि ताईची खोली यांच्यामधल्या भिंतीत तो होता. बारीक, तारेसारखा, चढत चढत जायचा, तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. दुपारी यायचा, सुट्टीच्या दिवशी जास्त. मी भिंतीला कान लावला तर तो भिंतीत नसायचा, मागे झाले की पुन्हा असायचा. वायरमनला बोलावलं. त्याने दोन्हीकडचे बोर्ड उघडून पाहिले, शेजारच्यांचा मीटर पाहिला आणि म्हणाला, बाई, या भिंतीतून तारच गेलेली नाही. मी त्याला चहा दिला.

मग मला भीती वाटायला लागली, आणि ती साधीसुधी नव्हती. तो भला डॉक्टर बरोबर असला तर? सहा वेळा बोट उठलं त्याला काय अर्थ, लंगडणारं काहीतरी खरंच माझ्याच डोक्यात असेल तर? शिवाय आणखी एक गोष्ट होऊ लागली होती. घरात माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी ऐकत होतं. एका दुपारी लिफ्ट खालून निघाली तशी मी मान वळवली, तर दार आधीच उघडलेलं, ताई पार्सलवाल्याची वाट पाहत उंबऱ्यात उभी, आणि लिफ्ट अजून दुसऱ्या मजल्यावर. एकदा तो तारेचा आवाज सुरू झाला त्याच क्षणी ताईच्या खोलीत कपाटाचं दार लागलं. योगायोग, मी म्हटलं. पण मी खुर्चीत बसून पुस्तक वाचत असले की मला वाटायचं, पलीकडे कुणीतरी श्वास रोखून माझ्याबरोबर तेच ऐकतंय. डॉक्टरीणबाईंना फोन करायला मी तीनदा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. फोन केला की गोळ्या परत येणार होत्या.

ताईला प्रश्नावली दिली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, कानांच्या तपासणीपासून. ती रागावली नाही, रडली नाही. आवाज शब्दाबद्दल मी सांगत होते तेव्हा ती टेबलक्लॉथचा एकच धागा ओढत होती. प्रश्नावली तिने घेतली आणि तीन आठवडे परत दिली नाही. विचारलं की म्हणायची, आठवून लिहायला हवं, घाई कशाला. ती नाही म्हणाली असती तर माझ्याकडे कुणीच नव्हतं. जगात मला लहानपणी पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं आणि ते समोर बसून भाजी निवडत होतं. शेवटी एका रविवारी ती पानं माझ्या उशीवर ठेवलेली दिसली.

सवयीने मी पेन्सिल घेऊनच वाचायला बसले. ताईचं अक्षर बारीक आणि डावीकडे कललेलं. पहिल्याच उत्तरात काहीतरी चुकलं होतं. तिने लिहिलं होतं, कंपासपेटीत कापूस ठेवायची, कानात घालायला. मी कधी कापूस ठेवला नव्हता, माझी युक्ती वाक्याची. असेल, तिला नीट आठवत नसेल. समासात प्रश्नचिन्ह केलं. पुढे होतं, पत्र्यावर कावळा चालला की टेबलाखाली जायची. पत्र्याचं घर आईबाबांनी सोडलं त्यानंतर दोन वर्षांनी माझा जन्म झाला. पुन्हा प्रश्नचिन्ह. निळा लोकरीचा स्वेटर टोचतो म्हणून शाळेच्या वाटेवर काढून दप्तरात कोंबायची. माझ्या शाळेचा स्वेटर तपकिरी होता. इतरांची हसण्याची पद्धत आरशासमोर शिकायची. हे मी कधीच केलं नाही, मला आरसाच सहन होत नाही. तेरा उत्तरांत ठेवायची, जायची, कोंबायची, शिकायची, सगळीकडे वेलांटी. चौदाव्या उत्तरात लिहिलं होतं, 'पाहुणे आले की कपाटामागे लपून बसायचे, ते जाईपर्यंत जीभ चावायचे.' पेन्सिल टेकवून मी 'चे' ची 'ची' करणार होते. हात थांबला. एका मात्रेचा फरक. ती बसायची, मी बसायचे.

त्या एका मात्रेकडे मी किती वेळ पाहत होते माहीत नाही. घरात घड्याळ नव्हतं. लाकडी चमचे, बंद केलेला फ्रिज, तळघरातली नोकरी, दारातून परत पाठवलेले पाहुणे, सगळं घर मला एकदम दुसऱ्याच कुणाचं दिसायला लागलं. या घरात माझ्यासाठी काहीच केलेलं नव्हतं.

ताई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. मी पान तिच्यासमोर ठेवलं आणि पेन्सिलीचं टोक त्या मात्रेवर ठेवलं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग ओल्या हातानेच ते पान स्वतःकडे ओढलं आणि त्याच्याकडे बघतच म्हणाली, "घड्याळ होतं ते. काटा अडकत होता म्हणून तसं वाटत होतं. डावीकडच्या दुसऱ्या खणात."

मी खाली बसले. डॉक्टरांच्या टेबलातून येतोय एवढंच मी सांगितलं होतं, तो खण मी कुणालाच सांगितला नव्हता. आईला नाही, डॉक्टरांना नाही, कुणालाच नाही. माझ्या अंगात अशी आग उठली की शेंगांचं ताट उचलून भिंतीवर मारावं. चोवीस वर्षं. माझी जीभ, माझे हात, माझी परीक्षा. "मग 'नाही' असं का म्हणालीस?" मी विचारलं, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"तू हो म्हणालीस तेव्हा मी आईचं तोंड पाहिलं," ताई म्हणाली. "मग मला विचारलं त्यांनी. दोघीही हो म्हणालो असतो तर?" थोड्या वेळाने तिने सांगितलं, रोज वाटायचं उद्या सांगू, आणि मग आई गेली, आणि मग इतकी वर्षं झाली की सांगायचं कसं तेच कळेना. तू आजारी होतीस म्हणून मला कुणी काही विचारलं नाही, हेही तिने सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. एकदा तिने माझी एक गोळी घेऊन पाहिली होती. मला काय दिलं जातंय ते कळावं म्हणून. तीन दिवस ती अंथरुणातून उठली नव्हती, आणि चौथ्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे माझ्या दोन गोळ्या वाटीत काढून ठेवल्या होत्या. मला ते तीन दिवस आठवले. तेव्हा मीच तिला पेज करून भरवली होती.

मला तिची दया आली नाही. येईल कधीतरी, आत्ता नाही आली. मी तिच्या हातातून पान काढून घेतलं, पाण्याने डाग पडला होता तिथे फुंकर मारली. समासातली प्रश्नचिन्हं खोडली. 'चे' तसंच ठेवलं. डॉक्टरीणबाई वाचतील तेव्हा त्यांना दोन बायका दिसतील, दिसू देत. ताई शेंगा सोलायची थांबली होती. बाहेर ऊन पडलेलं होतं, सुट्टीची दुपार होती, आणि आतल्या भिंतीत तो बारीक तारेचा आवाज सुरू झाला. चढत गेला, तुटला, पुन्हा पहिल्यापासून. वायरमन सांगून गेला होता की त्या भिंतीत काही नाही. मी ताईकडे पाहिलं नाही, ती माझं तोंड पाहील आणि त्यावरून उत्तर देईल म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं आणि त्या भल्या डॉक्टरांसारखं, हळू, तिला विचारलं, "आत्ता येतोय काही आवाज?"

ताईने थोडा वेळ घेतला.

"हो," ती म्हणाली.